समुद्र हा रस्त्याचा घटक नाही

शेरेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हतं. बांधकाम खात्यातल्या चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही फाइल शेरा न घेता पुढे गेली नाही, म्हणून कुणीतरी कधीतरी ते नाव ठेवलं. ते असं चिकटलं की नव्याने लागलेले कारकून तेच खरं आडनाव समजून रजेचे अर्ज त्या नावाने लिहायचे. साहेबांनी ते अर्जही मंजूर केले. फक्त कोपऱ्यात लिहिलं, 'आडनाव तपासावे.'

निवृत्तीच्या दिवशी खात्याच्या सभागृहात भाषणं झाली. मुख्य अभियंता माइक दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "किनाऱ्याचा हमरस्ता म्हणजे आपल्या साहेबांचं अपत्य!" टाळ्या पडल्या. खरं म्हणजे त्या रस्त्याचा नकाशा दुसऱ्याच कुणी काढला होता, मोजणी तिसऱ्याने केली होती, आणि बांधला ठेकेदाराच्या माणसांनी. साहेबांच्या टेबलावर ती फाइल अकरा दिवस होती, एवढाच त्यांचा आणि रस्त्याच्या बांधणीचा संबंध. त्यांनी तो रस्ता डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. पाहणीला खात्याची जीप जायची, आणि साहेबांना जीप काय, बस काय, चार चाकांवरचं काहीही लागायचं. पहिल्या वळणालाच पोटात ढवळायचं. पण घरी मात्र गेली वीस वर्षं 'माझा रस्ता' असंच चालू होतं. लेकीच्या शाळेतल्या निबंधातही तो रस्ता दोनदा येऊन गेला होता.

त्यामुळे समारंभाहून परतताना बाईंनी जे विचारलं त्यात चूक काहीच नव्हती.

"मग तुमचा रस्ता बघायला कधी जायचं?"

बाई म्हणजे साहेबांच्या बायको. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे गल्लीतला भाजीवालाही त्यांना बाईच म्हणायचा. साहेबांपेक्षा त्या दोन बोटं उंच. लग्नाच्या फोटोत त्या खुर्चीत बसल्या आहेत आणि साहेब मागे उभे आहेत, त्याचं कारण तेच.

"जाऊ की," साहेब म्हणाले. "पण जायचं कशाने?"

दोन चाकांवर त्यांना काही होत नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं. महिन्याभरात साहेबांनी खात्यातल्याच एकाची जुनी मोटरसायकल घेतली. काळी, जाडजूड, सुरू केली की खिडक्यांच्या काचा वाजाव्यात अशी. लेकीने फोनवर आकांत केला.

"बाबा, तुमचं वय काय, गाडीचं वजन काय!"

"गाडीचं वजन एकशे ऐंशी किलो," साहेब म्हणाले. "वयाचा इथे संबंध येत नाही."

"आई, तू तरी सांग ना त्यांना!"

"मी मागे बसणार आहे," बाई म्हणाल्या. "जे सांगायचं ते जाता जाता सांगेन."

साहेबांनी प्रवासाचा तक्ता केला. दर चाळीस मिनिटांनी थांबा, प्रत्येक थांब्याला पाणी, टायर बघणे, गुडघे हलवणे. तक्त्याच्या दोन प्रती काढून प्लास्टिकमध्ये घातल्या. एक स्वतःच्या खिशात, एक बाईंच्या पर्समध्ये.

निघाले तो दिवस चांगला होता. ऊन होतं पण टोचत नव्हतं. पहिला दीड तास नुसती शेतं, गोदामं, पेट्रोलपंप. मग एक टेकडी लागली, तिच्या पलीकडे रस्ता वळला की समुद्र येणार, हे साहेबांना नकाशावरून तोंडपाठ होतं. या क्षणाची त्यांनी मनात तयारी केली होती. वळणाआधी गाडी हळू केली, घसा साफ केला आणि मान किंचित मागे करून म्हणाले, "आता डावीकडे बघ."

गाडी वळली. मागून बाईंचा आवाज आला, "अहाहा!"

साहेबांनी डावीकडे पाहिलं. डावीकडे भिंत होती.

सिमेंटची, राखाडी, सरळ, जिथवर नजर जाईल तिथवर. तिच्यावर निळ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कवळी एका दिवसात'. थोडं पुढे, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. त्याच्या पुढे परत कवळी.

"काय हो हा रंग!" बाई मागे म्हणत होत्या. "आणि त्या होड्या बघा. सात... नाही, आठ! बघितल्यात का?"

"बघतोय," साहेब म्हणाले, आणि कवळीचा फोन नंबर वाचला.

मागची सीट पुढच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच होती. त्यात बाई मुळात उंच. त्यांना भिंतीवरून सगळं लख्ख दिसत होतं, आणि पुढे बसलेल्या साहेबांच्या डोळ्यांच्या बरोबर वर, अगदी बोटभर वर, भिंतीची कड धावत होती. ते ताठ बसले. कड तिथेच. मान लांब केली, तेव्हा हेल्मेट कपाळावर आलं. शेवटी पायांवर जोर देऊन ते सीटवरून अर्धे उठले, आणि क्षणभर त्यांना एक चकाकती पट्टी दिसली.

बाईंनी पाठीवर थाप मारली. "काय झालं? उतरायचंय का?"

"पाय मोकळे करतोय," साहेब म्हणाले आणि खाली बसले.

बसल्यावर मात्र त्यांना हळूहळू आठवायला लागलं. ती फाइल. अकरा दिवस. फाइल त्यांच्याकडे आली तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं. वरच्यांनी, खालच्यांनी, बाजूच्यांनी आपापला हात त्यात घालून झाला होता. कुणी गटारं रुंद केली होती, कुणी पांढरे पट्टे जाड केले होते. साहेबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत फाइल तीनदा वाचली आणि त्यांना लिहिण्यासारखं काहीच सापडेना. पण शेरा न लिहिता फाइल पुढे पाठवायची म्हणजे ती वाचलीच नाही असा अर्थ व्हायचा. अकराव्या दिवशी, चहाला पाच मिनिटं असताना, त्यांची नजर संरक्षक भिंतीच्या उंचीवर पडली. तीन फूट. त्यांनी लिहिलं, 'वाहनचालकाचे लक्ष समुद्राकडे वेधले जाऊन अपघात संभवतो. सबब भिंतीची उंची पाच फूट करावी.' पाचच का? चार लिहिलं असतं तर घासाघीस केल्यासारखं वाटलं असतं.

त्यानंतर ते चहाला गेले. शेरा कुणीही खोडला नाही, कारण सुरक्षेचा शेरा खोडायला कुणाची छाती होते?

तक्त्याप्रमाणे थांबा आला तिथे एक चहाची टपरी होती. टपरीवाला खटपट्या होता. त्याने मासळीच्या रिकाम्या क्रेटांचं एक मचाण भिंतीलगत रचलं होतं, वर चार स्टुलं ठेवली होती.

"चढा काका, वर चढा. वर बसलात की समुद्र, खाली बसलात की सिमेंट!"

बाई भराभर चढल्या. साहेबांनी एक पाय क्रेटवर ठेवून बघितला, गुडघ्याने कटकन आवाज केला, तसे ते खालच्या बाकावर बसले. समोर दोन हातांवर भिंत.

"ज्या शहाण्याने ही भिंत बांधली ना," टपरीवाला चहा ओतता ओतता म्हणाला, "त्याला एकदा इथे आणून बसवायचंय मला. खालच्या बाकावर. भिंतीकडे तोंड करून. आणि वरून चहा पाजायचा!"

त्याने साहेबांच्या हातात चहाचा पेला दिला.

"सुरक्षेचा विचार केला असेल," साहेब भिंतीकडे बघत म्हणाले.

"कसली आलीय सुरक्षा, काका! लोक गाडी थांबवतात, भिंतीवर चढतात, फोटो काढतात आणि पडतात. मागच्या वर्षी चार जण पडले. तीन फुटांवरून पडला तर माणूस कपडे झटकून उठतो. पाच फुटांवरून पडला की हात मोडतो. हे त्या गाढवाला कुणी सांगायचं?"

वर बाई खळखळून हसल्या. हसता हसता त्यांचा चहा सांडला.

गाडीवर बसल्यावर त्यांनी विचारलं, "कोण असेल हो तो? तुमच्याच खात्यातला ना?"

"मोठं खातं आहे," साहेब म्हणाले. "कुणाकुणाचं लक्षात ठेवणार?"

हे बोलल्यावर पुढचे वीस किलोमीटर त्यांना जरा जड गेले. बाईंचं मागून वर्णन चालूच होतं. पाण्यातून वर आलेला खडक, त्यावर ओळीने बसलेले पक्षी, दूरवर एक जहाज, जागचं हलत नसलेलं. प्रत्येक गोष्टीला साहेब "हो हो, बघतोय" म्हणत होते. आता आपल्याला दिसत नाही असं सांगायचं म्हणजे का दिसत नाही हे सांगावं लागणार, आणि रस्ता तर वीस वर्षं 'माझा' होता. ते चरफडत जाहिराती वाचत राहिले.

दुपार उतरताना लॉज आलं. तीन मजली, पिवळं, रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला. मालकीण साठीच्या आसपासची, आवाज खणखणीत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. खालच्या जेवणघरात सहा टेबलं होती आणि खिडक्यांतून रस्त्यापलीकडची भिंत दिसत होती. एका खांबावर, बरोबर नजरेसमोर येईल अशी, चौकट टांगलेली होती. आत सरकारी कागद.

साहेबांनी तो कागद दारातूनच ओळखला. मजकूर दिसत नव्हता, पण सही दिसत होती. पतंगासारखी वर चढलेली आणि खाली लांब शेपूट सोडलेली.

"वाचा, वाचा!" मालकीण म्हणाली. "येणारा प्रत्येक जण वाचतो. जेवण यायला वेळ लागला की मी हेच वाचायला देते. आम्ही सगळ्यांनी मिळून अर्ज केला होता, भिंत कमी करा, समुद्र दिसत नाही म्हणून. त्यावर हे उत्तर." आणि कागदाकडे न बघता तिने घडाघडा म्हणून दाखवलं, "'समुद्र हा रस्त्याचा घटक नाही. सबब तो दिसणे अथवा न दिसणे ही बाब या खात्याच्या कक्षेत येत नाही.' आता बोला!"

साहेबांना ते वाक्य लिहिलेला दिवस आठवला. आपल्याच वाक्यावर ते इतके खूश झाले होते की त्यांनी हेडक्लार्कला बोलावून दोनदा वाचून दाखवलं होतं. हेडक्लार्क म्हणाला होता, "साहेब, हे चौकटीत लावण्यासारखं आहे."

बाई चष्मा लावून कागद जवळून वाचत होत्या. मालकिणीने जाडजूड रजिस्टर काढलं, आडवं फिरवून साहेबांपुढे सरकवलं आणि वर पेन ठेवलं. "नाव, गाव, आणि इथे सही."

साहेबांनी पेन उचललं. ते पेन हवेतच राहिलं. रजिस्टर आणि चौकट यांच्यात जेमतेम तीन हात अंतर होतं.

"अगं," ते म्हणाले, "तू कर सही. हँडल धरून धरून माझा हात आखडलाय."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. पेन घेतलं, सही केली. जेवताना त्या फक्त "मीठ द्या" एवढंच बोलल्या. साहेबांना वाटलं, प्रवासाने दमली असेल. निभावलं.

खोली वरच्या मजल्यावर होती. खिडकी उघडली आणि साहेब तिथेच थबकले. समोर सबंध समुद्र होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सूर्य त्यात उतरत होता. खाली रस्त्याच्या कडेला भिंत एखाद्या रेघेसारखी दिसत होती. सकाळपासून जो आपल्या डाव्या खांद्याशी होता तो हा, असं त्यांच्या मनात आलं.

मागे बाई पलंगावर बसून लॉजच्या हिशेबाच्या पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या.

"गाडीची सीट जमिनीपासून किती?" त्यांनी विचारलं.

"दोन फूट आठ इंच. का?"

"आणि बसल्यावर सीटपासून तुमचे डोळे सव्वादोन फूट. म्हणजे चार फूट अकरा. भिंत पाच फूट." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "सकाळपासून तुम्हाला एक थेंबही दिसलेला नाही."

साहेब खिडकीकडेच तोंड करून उभे राहिले. "एकदा दिसला होता. उभा राहिलो तेव्हा."

"आणि तरी दर वेळी 'बघतोय, बघतोय'!"

"हं."

"आणि खाली ती सही तुमची आहे. लेकीच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर बघितलीय मी ती. शेपटासकट."

"हो," साहेब म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. फाइल, अकरा दिवस, चहाची वेळ, तीनचे पाच. सांगताना ते स्वतःलाच इतकं किरकोळ वाटलं की मध्येच त्यांनी दोन वाक्यं वाढवून वजन आणायचा प्रयत्न केला, पण बाईंचा चेहरा बघून ती परत घेतली.

"भिंतीचं मला काही नाही," बाई म्हणाल्या. "कचेरीत काय चालतं ते काय मला ठाऊक नाही? पण तुम्ही मला सही करायला लावलीत. म्हणे हात आखडला! वर्गात कॉपी करणाऱ्याला मी बाकावरून उठवून बाहेर उभं करायची, सव्वीस वर्षं. आणि आता तुमच्यापायी त्या बाईसमोर मी साळसूदासारखी..." त्यांनी पेन्सिल उचलून पुन्हा खाली आपटली.

"सकाळी सांगतो तिला."

"सांगा. आणि उद्या गाडी मी चालवणार."

"तू?" साहेब वळले. "स्कूटर वेगळी, ही वेगळी. एकशे ऐंशी किलो..."

"माहेरी दादाची मोटरसायकल होती. तो झोपला की मी काढायची. दोन वर्षं त्याला पत्ता नव्हता." बाईंनी कागदाची घडी केली. "आणि ही तुम्ही पेन्शनच्या कचेरीत गेलात की मीच फिरवत होते. महिनाभर. पेट्रोल लवकर संपतं म्हणून तुम्ही मेकॅनिकशी भांडलात ना, ते उगाच भांडलात."

साहेब खुर्चीत बसले. चौतीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकाच संध्याकाळी एवढं सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

पहाटे लवकर उठून त्यांनी एक टिपण तयार केलं. भिंतीची उंची पूर्ववत तीन फूट करण्याबाबत, कारणांसह, सहा मुद्दे. खात्यात अजून ओळखीचे लोक होते. टिपण हातात घेऊन ते जिना उतरले. मालकीण काउंटरवर किल्ल्या मोजत होती. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"एक सांगायचं होतं," साहेब म्हणाले. "तो कागद... ती सही माझी आहे."

मालकिणीने चौकटीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि एक बिल उलटं करून पुढे सरकवलं. "करून दाखवा."

साहेबांनी सही केली. पतंग वर चढला, शेपूट खाली आलं. मालकिणीने बिल चौकटीशेजारी धरलं, डोळे बारीक केले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "अगं, बाहेर या गं सगळ्या! ते आलेत! समुद्रवाले!"

दोन बायका हात पुसत बाहेर आल्या आणि साहेबांकडे टक लावून बघू लागल्या. साहेबांनी मान खाली घातली. काय बोलणी खायची ती खाऊन घ्यावीत अशा तयारीने ते म्हणाले, "माझी चूक झाली. पण अजून सुधारता येईल. मी टिपण तयार केलंय. माझ्या शब्दाला खात्यात थोडी किंमत आहे. सहा महिन्यांत भिंत उतरेल."

मालकिणीचा चेहरा पडला.

"अहो, भलतंच काय! भिंतीला हात लावू नका!"

"पण तुमचा अर्ज..."

"अर्ज केला तेव्हा माझं नुसतं तळमजल्याचं घर होतं, साहेब. तुमचं हे पत्र आलं आणि माझं डोकं असं फिरलं की मी चिडून वर मजला चढवला. दिसत नाही काय, बघतेच, म्हटलं! लोक यायला लागले. मग दुसरा चढवला. रस्त्यावरून समुद्र दिसला असता तर लोक गाडीतूनच बघून पुढे गेले असते. माझ्याकडे कोण थांबलं असतं?" तिने टिपण साहेबांच्या हातातून हलकेच काढून घेतलं, चार घड्या केल्या आणि परत त्यांच्या खिशात घातलं. "तुम्ही एकदा लिहिलंत तेवढं पुरे. आता काही लिहू नका. हवं तर अजून चहा घ्या."

मग तिने चौकटीखाली उभं करून साहेबांबरोबर फोटो काढला. साहेबांना शिव्या चालल्या असत्या. रात्रभर मनात घोळवलेली माफी कुणालाच नको होती, आणि वर फोटोत हसायचं होतं. बाईंनी मात्र काउंटरवरचं रजिस्टर उघडलं, कालच्या आपल्या सहीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "याच्याखाली करा." साहेबांनी केली. तेव्हा कुठे बाईंचा चेहरा सैल झाला.

पुढच्या सीटवर बसून बाईंनी आरसे आपल्या बेताने वळवले. साहेब मागे चढले. गाडी एकही आचका न देता निघाली, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. पहिले पंधरा किलोमीटर ते बाईंच्या खांद्यावरून वेगाच्या काट्याकडे बघत होते.

"गिअर बदल. पुढे खड्डा आहे. ट्रकला जाऊ दे."

"मागे बसणाऱ्याने बोलायचं नसतं. मी बोलते का कधी?"

"बोलतेस."

"ते वेगळं."

करायला दुसरं काही नव्हतं म्हणून साहेबांनी डावीकडे मान वळवली. भिंतीच्या कडेवरून समुद्र सरळ त्यांच्या डोळ्यांत आला. तो नकाशातल्यासारखा निळा नव्हता. किनाऱ्याशी तो मातकट होता, पुढे हिरवट, त्याच्याही पुढे शिशासारखा, आणि हे रंग कुठे संपतात, कुठे सुरू होतात ते नीट आखलेलं नव्हतं. वारा पाण्यावर ठिकठिकाणी हात फिरवत होता. साहेब बराच वेळ बघत राहिले. त्यात सुचवण्यासारखं काही नव्हतं.

"दिसतंय का?" पुढून बाईंनी विचारलं.

"दिसतंय."

"खरं सांगताय ना?"

"खरं."

दुपारच्या सुमाराला भिंत संपली. हळूहळू नाही, एकदम. मंजूर रक्कम त्या जागी आटली असावी. 'टक्कल? आजच भे' एवढं लिहून जाहिरात तोडल्यासारखी थांबली होती, आणि तिथून पुढे रस्त्याच्या कडेला खडीचा पट्टा, वाळू आणि पाणी. आता पुढच्या सीटवरच्या बाईंनाही सगळं दिसू लागलं. त्यांनी आनंदाने ओरडून काहीतरी म्हटलं, ते वाऱ्यात गेलं.

समोरून एक पांढरी मोटार येत होती. ती रस्त्याच्या आपल्या अंगाला होती, मग मध्ये आली, मग यांच्या अंगाला आली. साहेबांना मोटारीतले पाच चेहरे स्पष्ट दिसले. पाचही समुद्राकडे वळलेले. चालवणाऱ्याचासुद्धा.

बाईंनी हॉर्न दाबला. एकही चेहरा वळला नाही. मग त्यांनी ब्रेक लावत गाडी खडीवर घातली. गाडी फरफटली, वेग मेला आणि, म्हैस चिखलात बसावी तशी, ती सावकाश एका कुशीवर झाली. बाई आणि साहेब वाळूत बसले. कुणी ढकललं नव्हतं, नुसते बसले. साहेबांचं कोपर सोललं, बाईंच्या चपलेचा पट्टा तुटला, डावा आरसा तडकला. बाकी काही नाही.

मोटार पुढे जाऊन थांबली. चालवणारा तरुण धावत आला. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं.

"मावशी, लागलं का हो? काका, तुम्हाला? माझीच चूक. समुद्र बघत होतो. पुढे भिंत लागते, मग दिसणार नाही, म्हणून बघून घेत होतो!" त्याने गाडी उचलायला हात घातला. मोटारीतले आणखी दोघं आले. तिघांनी मिळून ती उभी केली. घाम पुसत तरुण म्हणाला, "खरं सांगू का? इथे पण भिंत घालायला हवी होती. पण खात्यातल्या लोकांना एवढी अक्कल असती तर!"

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं, आणि अंगावरची वाळू फार काळजीपूर्वक झटकू लागले.

तीनतीनदा माफी मागून मोटार निघून गेली. बाईंनी रुमालाने साहेबांचं कोपर बांधलं. दोघं थोडा वेळ तिथेच वाळूत बसून राहिले. पाणी पायांपासून वीस पावलांवर होतं.

"बोला आता," बाई म्हणाल्या. "पोटात ठेवू नका, दुखेल."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तो धडकला असता तो पुढे भिंत लागते म्हणून. ती तीन फूट असती तर लोकांना घाई नसती. एवढं बघून घ्यायला नसतं लागलं."

"असेल."

"असेल काय? आहे."

"बरं, आहे."

बाई वळून त्यांच्याकडे संशयाने बघत राहिल्या. नवरा इतक्या लवकर कबूल झाला की वादाला मजाच राहिली नव्हती. खरं काय ते साहेबांनाही सांगता आलं नसतं. वीस वर्षांनी कुणीतरी त्यांचा शेरा बरोबर ठरवला होता, आणि त्या क्षणी त्यांच्या मनात एवढंच होतं की हिला लागलं नाही.

बाई उठल्या. तुटक्या पट्ट्याची चप्पल हातात घेतली, मग विचार करून पिशवीत टाकली आणि दुसरी जोडी काढली. खिशातली किल्ली त्यांनी साहेबांपुढे धरली.

"तुम्ही घेता?"

साहेबांनी गाडीकडे पाहिलं, तडकलेल्या आरशाकडे पाहिलं, आणि रस्ता जिकडे जात होता तिकडे पाहिलं. तिथे दोन्ही बाजूंना काही आडवं नव्हतं.

"नको, तूच घे," ते म्हणाले आणि मागे चढून बसले. बाईंनी गाडी सुरू केली. साहेबांनी दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले.

"पण जरा हळू," ते म्हणाले.